तिपाईचा पट्टा

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात आजवर एकही गिऱ्हाईक जाड झालेलं नव्हतं. कपडे मात्र आटायचे. कुणाच्या पँटचं बटण लागेनासं झालं, कुणाचा कोट पाठीवर ताणायला लागला, की मास्तर ते कापड चिमटीत धरायचे, खेदानं मान हलवायचे आणि म्हणायचे, "कापडच आटलंय हो. हल्ली माल असाच येतो." ऐकून गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडायचा. मग तो कपडा मागच्या खोलीत जायचा. तिथे मास्तरांची बायको आतला दाब, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जादा कापड, उसवून बोटभर जागा द्यायची, वरून इस्त्री फिरवायची आणि जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं कपडा परत करायची.

मुळात मास्तर भिडस्त. कुणाच्या तोंडावर कडू बोलणं त्यांना कधी जमलं नाही. पण माणूस आपल्या भित्रेपणाला काहीतरी भारदस्त नाव देतोच. मास्तरांनी त्याला धंद्याचा नियम म्हटलं होतं. गिऱ्हाइकाला कळता कामा नये, हा तो नियम. लग्न होऊन आल्यापासून बायकोनं तो इतका पाळला होता, की तिला आता तो मोडताच आला नसता.

तिपाईसुद्धा या दुकानात गिऱ्हाईक म्हणूनच आली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आपल्या पांढऱ्या कोटांच्या बाह्या मास्तरांकडून आखूड करून घ्यायच्या. एक दिवस त्या कोटाऐवजी एक तपकिरी कुत्री काखेत घेऊन आल्या. ती रस्त्यावर गाडीखाली सापडली होती आणि तिचा मागचा उजवा पाय मुळापासून काढावा लागला होता. छाती आणि पोट दोन्ही धरेल आणि पायरीपाशी वर उचलायला पाठीवर मूठ असेल, असा पट्टा बाईंना शिवून हवा होता.

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. कुत्री मापाला अशी निमूट उभी राहिली, की मास्तर म्हणाले, "असं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नाही. पोट आत ओढत नाही की काही नाही." माप झालं तशी ती मशीनखाली गेली, चिंध्यांच्या ढिगावर तीनदा गोल फिरली आणि घोरायला लागली. पट्टा होईपर्यंत इथेच राहू दे का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आता भिडस्त माणूस याला काय म्हणणार?

पट्टा तर दुसऱ्याच दिवशी तयार झाला. पण बाई न्यायला आल्या की मास्तर म्हणायचे, "जरा काम राहिलंय. बटण लावायचंय." चार-पाच खेपा झाल्यावर बाई म्हणाल्या, "मास्तर, या पट्ट्याला बटण नाहीच आहे." मास्तरांचे कान लाल झाले. बाई हसल्या आणि पुन्हा न्यायला म्हणून कधी आल्या नाहीत.

मास्तरांच्या आईनं मात्र कपाळाला हात लावला. "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! आणि तेही तीन पायांचं!" तिपाई हे नाव तिनंच ठेवलं, तेही चिडून. पण नाव असं चिकटलं, की आठवड्याभरात समोरचा सलूनवालाही अर्ध्या दाढीवरून मान वळवून "काय तिपाई, जेवलीस का?" म्हणून चौकशी करू लागला.

आणि या चौकशीतच सगळं पाणी मुरत होतं. कारण तिपाई बाई पक्की होती. गल्लीतल्या कुत्र्यांशी पकडापकडी खेळताना ती असली सुसाट सुटायची, की चार पायांवाले मागे धापा टाकत राहायचे. पण समोर माणूस दिसला, त्यातून त्याच्या हातात पिशवी दिसली, की हिचं अंग एकदम गळायचं. मागच्या उरलेल्या पायावर ती डुगडुगायची, एका अंगावर कलंडायची, आणि एक उसासा टाकायची. सलूनवाल्याकडे तिला बिस्किटं मिळायची. वरच्या मजल्यावरच्या काकू पाव टाकायच्या. आई तर "मला नाही बाई कुत्र्यामांजरांचं वेड" म्हणत म्हणत आपल्या ताटातलं उकडलेलं अंडं पदराआड धरून तिला भरवायची. मास्तरांची गोष्ट वेगळी होती. ते तिला फक्त सकाळच्या चहाबरोबर, दुपारच्या चहाबरोबर आणि जेवताना द्यायचे.

पाऊस सरता सरता डॉक्टरीणबाई बाह्यांच्या कामाला आल्या आणि मशीनखाली पाहून थबकल्या. "मास्तर, ही कुत्री आहे की लोड?"

मास्तर हसले. बाई हसल्या नाहीत. त्या खाली बसल्या, तिपाईचा मागचा पाय हातात घेऊन वाकवून पाहिला.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या. "मागे हिला एकच गुडघा आहे. सगळा भार त्याच्यावर. बाकीच्या कुत्र्यांचा एक गुडघा गेला तर ती दुसऱ्यावर निभावतात. हिचा गेला, तर ही उभीच राहायची नाही. वजन उतरवा. मला दुसरं औषध माहीत नाही."

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी घरात फर्मान काढलं: आजपासून डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय तेवढंच खाणं, वर दाणासुद्धा नाही. सलूनवाल्याला आणि काकूंनाही त्यांनी सांगितलं, म्हणजे सांगितलं असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात ते म्हणाले, "तुमचं प्रेम आहे हो तिच्यावर, तेवढं जरा बेतानं..." त्यातलं प्रेम दोघांनी ऐकलं, बेत कुणालाच ऐकू गेला नाही.

वजनकाट्यावर मास्तरांचा विश्वास नव्हता. काटा म्हणजे परक्याच्या हातचं यंत्र. खरं बोलतो तो कपडा. म्हणून ते रोज सकाळी तिपाईला पट्टा चढवायचे आणि पोटाशी बोट घालून बघायचे. बोट आरामात जायचं. रोज जायचं. "बघा," ते सगळ्यांना ऐकवायचे, "तसूभर वाढलेली नाही. उलट उतरलीच आहे." आणि एवढा संयम पाळल्याबद्दल तिला बक्षीस म्हणून अर्धं बिस्किट द्यायचे. बायको मागच्या खोलीत मान खाली घालून काजं करत असायची.

मग एका सकाळी दुकानाच्या पायरीवर ती घसरली. तसं विशेष काही नव्हतं. फरशी ओली होती. पण तिपाई उठली नाही. पुढचे दोन पाय टेकवून तिनं जोर लावला, मागचं अंग जागचं हललंच नाही. पुन्हा जोर लावला. मग तिनं मास्तरांकडे पाहिलं. उसासा नाही, डुगडुगणं नाही, कसलंही नाटक नाही. मास्तरांच्या हातातली कात्री खाली पडली.

नवराबायको तिला चादरीत घालून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबून पाहिला, तिला काट्यावर ठेवलं आणि आकडा पाहून चष्मा काढला. "मास्तर, ही आधीपेक्षा वाढलीय. चांगलीच वाढलीय."

"शक्यच नाही," मास्तर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाला तोंडावर नाही म्हणत होते. "तुमचा काटा बिघडलाय. पट्टा बघा ना! तोच पट्टा, माझ्या हातचा, बोट घालून बघा!"

बाईंनी बोट घातलं. बोट गेलं. मग त्यांनी पट्टा सोडवला आणि उलटा करून मास्तरांपुढे धरला. आतल्या बाजूला जुन्या शिवणीची भोकं ओळीनं दिसत होती. एक ओळ, तिच्या पुढे दुसरी, तिच्या पुढे तिसरी. शेवटी तर दाब संपला म्हणून त्याच रंगाच्या कापडाचा तुकडा जोडला होता. इतक्या सफाईनं, की वरून खुद्द मास्तरांनाही कळला नव्हता.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या मांजराच्या दातांच्या चित्राकडे बघत होती.

"तू?"

"घट्ट व्हायला लागला होता," ती हळूच म्हणाली. "मग जागा दिली."

"अगं पण का?"

"का म्हणजे? घट्ट झालं की जागा द्यायची. गिऱ्हाइकाला कळता कामा नये. तुम्हीच नाही का सांगितलंत?"

"अगं, कुत्रीला काय कळणार होतं, कळलं असतं तरी काय बिघडणार होतं?"

"गिऱ्हाईक ती कुठे होती?" बायको म्हणाली. "गिऱ्हाईक तुम्ही होतात. रोज सकाळी बोट घालून लहान पोरासारखे खूश व्हायचात. तुमचा चेहरा पडला असता. मला नसतं बघवलं."

आयुष्यभर लोकांना जे मापून दिलं, तेच मास्तरांना घरपोच मिळालं होतं. त्यांना बायकोचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग दोन्ही राग बाजूला ठेवावे लागले, कारण टेबलावर तिपाई पडून होती.

"गुडघा पूर्ण गेलेला नाही अजून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही दिवस उठू देऊ नका. खाणं निम्मं. मग हळूहळू चालवा. पेलला तर पेलला. नाही पेलला तर..." पुढचं त्या बोलल्या नाहीत, आणि त्याबद्दल मास्तरांना त्यांचे उपकार वाटले.

दुकानात परतले तो एक वकीलसाहेब कोट घेऊन ताटकळत होते. "मास्तर, हे बघा, पुन्हा आटला!"

"नाही आटला," मास्तर म्हणाले. "कोट होता तेवढाच आहे. तुम्ही वाढलात."

मागच्या खोलीकडे निघालेली बायको दारातच थांबली. वकीलसाहेबांनी आरशात पाहिलं, समोरून पाहिलं, बाजूला वळून पाहिलं. "बायको वर्षभर हेच सांगतेय," ते अखेर म्हणाले. "मला वाटायचं, तिचं काहीतरी दुखणं आहे." आणि ते नव्या कोटाचं माप द्यायला उभे राहिले.

खरं बोलण्याची चव लागल्यासारखे मास्तर तसेच रस्ता ओलांडून सलूनमध्ये गेले. "आजपासून तिला एक बिस्किट जरी दिलंस, तर तुझ्या खुर्चीत पुन्हा बसणार नाही. दाढी वाढवीन, पण बसणार नाही." सलूनवाल्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर तसाच राहिला. काकूंना त्यांनी रस्त्यातूनच ओरडून सांगितलं. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. शेवटी राहिली आई. आईसमोर त्यांची थोडी तंतरली, पण त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "आई, पदराआड काय चालतं ते मला माहीत आहे."

"मी?" आई कडाडली. "मला नाही बाई कुत्र्यामांजरांचं वेड!" आणि तिच्या पदरातून अंडं खाली पडलं.

पुढचे दिवस घरात सुतक असल्यासारखे गेले. तिपाई चिंध्यांवर पडून असायची आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे जाणाऱ्या घासाचा डोळ्यांनी पाठलाग करायची. तिच्यासमोर जेवायची कुणाची छाती होईना. मास्तर आणि बायको मागच्या खोलीत दाराआड उभ्यानंच उरकायचे. त्यामुळे आणखी कुणी नाही तरी मास्तर बरेच उतरले. दिवसातून ठरावीक वेळा ते पट्ट्याची मूठ धरून तिला उभी करायचे. मागचा पाय थरथरायचा. हात सोडू का, सोडू का, असं करत ते मूठ धरूनच ठेवायचे. सोडल्यावर ती खाली बसली, तर ते बघायचं बळ त्यांच्यात नव्हतं. "आज नको," ते रोज म्हणायचे. "उद्या बघू." बायकोला हे दिसत होतं. या वेळी मात्र तिनं जागा दिली नाही. "उद्या उद्या करून पाय बळकट होत नसतो," ती म्हणायची. मास्तर नुसते मान हलवायचे आणि मूठ आणखी घट्ट धरायचे.

असंच एका दुपारी नवराबायको मागच्या खोलीत भिंतीला टेकून भराभर जेवत होते. पुढे आई एकटी होती; तिपाईला डोळा लागलाय असं समजून तिनं आपलं ताट तिथेच मांडलं होतं. अचानक तिनं अशी किंकाळी फोडली, की मास्तरांनी हातातला घास ताटात टाकला. गेली, तिपाई गेली, एवढंच त्यांच्या मनात आलं. उष्ट्या हातानं ते पुढे धावले.

आई भिंतीला चिकटून उभी होती. कापड कापायच्या टेबलावर, वकीलसाहेबांच्या नव्या कोटाच्या कापडाच्या मधोमध, तिपाई उभी होती. समोर आईचं ताट होतं, लख्ख चाटलेलं. मिशीला अंड्याचं पिवळं लागलं होतं. टेबल मास्तरांच्या कमरेएवढं उंच होतं.

"हात धुवायला वळले मी नुसती!" आई ओरडत होती. "नुसती वळले! सगळं खाल्लं मेलीनं!"

"आई," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "खरं सांग. तिला वर कुणी ठेवलं?"

"कुणी ठेवणार? मला माझं अंग उचलत नाही! वळून बघते तो आधी खुर्चीवर उडी मारली, मग टेबलावर. माझ्या डोळ्यांदेखत, अगदी हरणासारखी!"

मास्तर जवळ गेले. मागचा तो एक पाय कापडावर रोवलेला होता. थरथरत नव्हता. त्यांनी त्याला हात लावून पाहिला. आत नस दोरीसारखी ताठ होती. तिपाईनं त्यांच्या उष्ट्या हाताचा वास घेतला आणि तोही चाटून पुसून स्वच्छ करायला घेतला.

"बघत काय बसलात?" बायको मागून म्हणाली. "चोरी केलीय तिनं. पथ्य मोडलंय. ओरडा ना!"

"ओरडतो," मास्तर म्हणाले. "ओरडतो. जरा थांब."

त्यांनी तोंड उघडलं, बोट उगारलं, पुन्हा तोंड मिटलं. "अरे, निदान हड् तरी म्हण!" आई चिडून म्हणाली.

मास्तरांना तेवढंही म्हणवेना.