आबांच्या आवाजाची डिस्क

खंडेनवमीला आमच्या म्हसवडच्या घरात कोयता, कुऱ्हाड, शिलाई मशीन, मोटारसायकल अशा सगळ्यांना गंध-फूल मिळतं आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. यंदा आईनं त्यांत माझा सर्व्हरही धरला. चालू सर्व्हर! मी आंघोळीला गेलो तेवढ्यात तिनं सरळ भिंतीतली पिन उपटली आणि डब्यावर झेंडूची माळ चढवली.

माझं टाळकंच सरकलं. "आई, ह्ये काय केलंस?"

"औंदा त्येची बी पूजा, साईराज. बारा म्हयनं राबतंय, एक दिस बसू दे की त्येला," आई शांतपणे म्हणाली.

सर्व्हर म्हणजे लिनक्स नावाची प्रणाली टाकून टीव्हीखाली ठेवलेला जुना कॉम्प्युटर. घरातले फोटो, व्हिडिओ सगळे त्यात. आणि आबांचा आवाज. आबा म्हणजे माझे वडील, ते ओव्या गायचे. सिद्धनाथाच्या देवळापुढं ढोल घुमायला लागला की त्यांचा आवाज पार वेशीपर्यंत जायचा. मग घशाचा कॅन्सर निघाला, सांगलीला ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढलं. तेव्हापासून आबा हातांनी आणि ओठांनी बोलतात. ज्या फोनवर मी त्यांच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या तो केव्हाच गेला. उरल्या त्या या एका डिस्कवर.

आणि ती डिस्क थकलेली. आत आरशासारखी चकती गरगर फिरते, आणि वाचणारं हेड तिच्यावर तरंगतं, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर. टेकलं की ओरखडा, आणि ओव्या गेल्या. म्हणून काही क्षण काम नसलं की हेड बाजूच्या उतरणीवर जाऊन बसतं. टिक. पण लिनक्सला सारखं काहीबाही टिपून ठेवायची खोड. बिचारं हेड बसतंय न बसतंय तोच परत उठायचं. टिक. अशा उठाबशा कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेच्या दुप्पट झाल्यात, हे मी सकाळीच पाहिलं होतं आणि घाबरून नव्या डिस्कवर कॉपी लावली होती. पिन उपटल्यावर ती कॉपी मध्येच तुटली.

"आत्ता चालू करतो," म्हणत मी माळ काढायला गेलो.

"हात लावायचा न्हाई! पूजा झालीया," आई आडवी आली.

"आबांचा आवाज हाय त्यात! हेड खाली आपटलं आसंल तर संपलं सगळं!"

आईचा चेहरा पडला. "मला काय म्हाईत रं…" ती आबांकडे वळली. "आवं, तुमीच सांगा."

आवाज त्यांचा, ठरवायचं त्यांनीच. आबांनी आधी उपटलेल्या पिनेकडं बोट केलं, मग डब्याकडं, आणि भुवया उंचावल्या. वीज गेल्यावर आत काय होतं?

मी चिडूनच सांगायला लागलो, आणि सांगता सांगता माझाच राग विरला. वीज तुटली तरी चकती लगेच थांबत नाही. काही क्षण स्वतःच्या वेगानं फिरत राहते, आणि त्या फिरण्यातूनच थोडीशी वीज तयार होते. ती हेडला मिळते, तेवढ्या बळावर ते उतरणीवर जाऊन बसतं. मग चकती थांबते. "थांबायच्या आदी ती त्येला घरला सोडती, आबा," मी म्हणालो आणि अंगावर सर्रकन काटा आला. हे मला किती वर्षं ठाऊक होतं! पण ते केवढं थोर आहे, ते त्या दिवशी कळलं.

 आबांनी हात उचलून मला थांबवलं आणि दोन शब्द ओठांनी सांगितले. उद्या लाव.

दसऱ्याला सकाळी आबांनी स्वतः पिन लावली. चकती घुमायला लागली. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. काहीच नाही, नुसती घरघर. आईनं माझा दंड घट्ट धरला. आणि मग, टिक.

हेड उठलं होतं. सगळ्या ओव्या नव्या डिस्कवर आल्या. मी त्यांतली एक लावली. आबांचा आवाज घरभर भरला, आणि त्यांचे ओठ त्याच्याबरोबर शब्द न् शब्द हलायला लागले. आईनं तोंडाला पदर लावला. मला तर रडूच फुटलं.

ओवी संपल्यावर मी जुनी डिस्क काढायला उठलो. आबांनी मला मागं सारलं. डब्याला कान लावून त्यांनी पिन उपटली. टिक झालं, मग घरघर मंद होत होत थांबली. आबांनी मान वर केली आणि ओठ हलवले. आवाज नव्हता, तरी आईला आणि मला ते लख्ख ऐकू आलं.

"पोचलं घरला."