अंतरपाटाआडचा कवी

मित्रांनो, घाबरू नका, माझी टोके धरून तुम्हाला उभे करणार नाही. मी एक जुना अंतरपाट आहे. कशेळ्याच्या सहदेव गिरणीवाल्याच्या ट्रंकेत घडी होऊन पडलेला असतो. नवरा-नवरीच्या मध्ये मला धरतात, मंगलाष्टके संपली की बाजूला ओढतात आणि मग माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

जन्माने मी कर्जतच्या बाजारातले साधे उपरणे. सहदेवची बायको विमलबाई हिने माझ्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले आणि मी अंतरपाट झालो. गावात लग्न निघाले की मला मागून नेत. सोबत सहदेवही जाई, न मागता!

सहदेवला कवितेचा भारी नाद. डिझेलच्या गिरणीवर ओरडून कविता म्हणायची सवय, त्यामुळे त्याला भोंगा लागत नसे. मासिकांना पाठवलेल्या कविता पोस्टाने परत येत आणि गिऱ्हाईक ऐकवायच्या आत दळण घेऊन पळे. मग त्याला शोध लागला, की अंतरपाट धरलेला असेपर्यंत कुणालाच जागचे हलता येत नाही. झाले! तो मंगलाष्टके रचू लागला. आठावर थांबेल तर शपथ. एकदा एकवीस झाली. वऱ्हाडाच्या अक्षता संपल्या. माझे टोक धरणारा त्याचा मित्र दामू कण्हत होता, "आवर रं सहदेवा, खांदं गेलं माजं!" मी मधोमध लोंबू लागलो आणि नवरा-नवरीने वरूनच एकमेकांना बघून घेतले.

एकाहत्तर साली चौक गावच्या लग्नात त्याने कथेचा प्रयोग केला. मंगलाष्टकात चक्क बैलचोर आणला. दर 'सावधान'ला चोर निसटायचा आणि वऱ्हाड हळहळायचे. शेवटी चोर सापडला, तेव्हा टाळ्या पडल्या. पण सहदेवने चोराला गालमिशा दिल्या होत्या, आणि नवऱ्याचे आजोबा आबाजी यांनाही तशाच गालमिशा. ते ताडकन उठले.

"आमाला चोर म्हनतोस?"

"नाय वो आबाजी, चोर माज्या मनातला हाय!"

"म्हंजे मनात हुतंच तुज्या!"

मुहूर्त टळायला आला, तेव्हा भटजींनी मला खस्सकन ओढून लग्न लावले. त्या दिवसापासून गावाने सहदेवची मंगलाष्टके बंद केली. पाच वर्षे तो फक्त त्याच्या मुलीला, सुंदराला, गिरणीत कविता ऐकवत राहिला. मलाही कुणी मागून नेईना; मी ट्रंकेत कसरीच्या किड्यांना खाऊ घालत होतो. फार वाईट वाटे हो.

शहात्तर साली सुंदराचेच लग्न ठरले. गावाने दोन ओळींची परवानगी दिली आणि विमलबाईने वर देवाची शपथ घातली. वीस दिवस सहदेव लिहीत आणि खोडत होता. पोरीला जे सांगायचे ते सगळे दोन ओळींत बसवायचे होते.

लग्नघटकेला दामूने कुरकुरत मला धरले. सहदेवने पहिली ओळ म्हटली,

"दाणे मोजित तू पिठात बसली होतीस माझ्या पुढे..."

पण गिरणीवर मात करणारा तो आवाज पुढे फुटेचना. एवढ्यात माझ्या आडून सुंदराचा आवाज आला. वीस दिवस गिरणीत ऐकून तिला ओळ पाठ होती.

"आता जाशिल सासरी, मग कुणी ऐकायचे एवढे?"

कुणीही अक्षता टाकल्या नाहीत. दामूने नाक ओढले.

"पुढं रं?"

"पुढं नाय लिवलं. दोनच वळी सांगितल्यात ना तुमी."

दामूने माझे टोक आणखी उंच धरले. "लिव मंग. आमी धरतो!"

म्हणून सांगतो मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, घडीत कडुनिंबाचा पाला ठेवा. आणि घरात कुणी कविता करत असेल, तर त्याला एकदा तरी शेवटपर्यंत ऐका. खांदे दुखतील. दुखू द्या.