बिनआवाजाचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला तेव्हा शिवांजली बावन्नाव्या पानावर होती. चार दिवसांतली ही सहावी वेळ. पडदा काळा झाला आणि राग यायच्या ऐवजी तिला हायसं वाटलं. मेडिकल कॉलेजच्या एका डॉक्टरचा प्रबंध ती टाइप करत होती. गिचमिड अक्षर, इंग्रजी भाषा, पण बी.ए. झालेल्या बाईला कळू नये असं त्या पानावर काही नव्हतं. सहा महिन्यांचं मूल आवाजाच्या दिशेनं मान वळवतं, असं तिथं लिहिलेलं होतं.

वर्षाराणी दहा महिन्यांची होती.

तीन महिने शिवांजली लेकराच्या पाठीमागं उभी राहून काहीबाही वाजवत होती. बांगड्या, चमचा, खुळखुळा. कधी पोर वळायची, कधी नाही. वळली की तो दिवस सोन्याचा जायचा. मग संध्याकाळी मनात यायचं, वळली ती आवाजानं, का भिंतीवर माझी सावली हलली म्हणून? नवऱ्याला, बसवेश्वरला, तिनं दोनदा सांगून पाहिलं. "तू लई वाचतीस," तो म्हणाला. "मी तीन वर्षांचा होईस्तोवर बोलत न्हवतो. आईला इचार." सासूबाईंना, मल्लम्माला, विचारलं तर त्यांनी लेकराची दृष्टच काढली.

उन्हाळ्याच्या तोंडाला बसवेश्वरनं घरी कॉम्प्युटर घ्यायचं काढलं. कॉलेजच्या रस्त्यावर त्याचं वह्या-पुस्तकांचं आणि झेरॉक्सचं दुकान होतं. प्रबंध टाइप करून मागणारे रोज यायचे. शिवांजलीला टायपिंग येत होतं. तिनं एकच अट घातली, मशीनचा आवाज नको. लेकरू उठेल.

मशीन जुळवलं जलालुद्दीननं. मंडी बाजारात रेडिओ-टेप दुरुस्त करणारा माणूस, औरंगाबादला तीन महिन्यांचा कोर्स करून आलेला. शिवांजलीनं त्याच्या मागं टुमणंच लावलं. त्यानं पंख्याची गती कमी केली. टूंटूं करणारा छोटा स्पीकर काढून ठेवला. तरी घरघर येतेच म्हणताना तिनं गोधडीच्या उरलेल्या चिंध्यांची जाड घडी शिवली आणि मशीनच्या डब्याच्या पत्र्याला आतून चिकटवली. वरून मल्लम्मानं टीव्हीला, मिक्सरला शिवतात तसा झालरीचा झगा घातला. कॉम्प्युटर असा गप्प झाला की चालू आहे का बंद, हे दिवा बघून कळायचं. बघायला आलेल्या बायका तोंडात बोट घालायच्या. ज्या घरात हळू बोलावं लागतं, पाय न वाजवता चालावं लागतं, त्या घरातल्या लेकराला ऐकू येतं, अशी गाठ शिवांजलीनं मनाशी मारली होती. ती कुणाला दिसली नाही.

दुपारी जेवायला येताना बसवेश्वर जलालुद्दीनला घेऊनच आला.

"काय भाभी, नवी नवरी रुसली का?"

"रुसली न्हाई, तापलीय," बसवेश्वर म्हणाला. "हात लावून बघ. भाकर भाजंल."

"मी सकाळी इभूत लावलीय बघ त्याला," मल्लम्मा म्हणाली. "न्हाई उतरला ताप."

"आक्का, इभूत वरून लावली. ताप आत हाय." त्यानं झग्याला हात घातला. "आन् हे कावून घातलं?"

"धूळ बसती की."

"मे महिन्यात तुमाला सोटर घातलं तर?"

"माझ्या टीव्हीला पाच वर्षं झालं हाय. त्याला काय झालं न्हाई."

हसत हसत त्यानं झगा काढला आणि मशीन सुरू केलं. निळ्या पडद्यावर आतल्या गरमीचा आकडा आला. ब्याऐंशी. त्याचं हसू कमी झालं. मशीन बंद करून त्यानं डबा उघडला. प्रोसेसरवरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा उचलला, खालची वाळलेली पांढरी पेस्ट फडक्यानं पुसली, ज्वारीच्या दाण्याएवढी नवी लावली, ठोकळा बसवला. पुन्हा चालू. एकोणऐंशी.

"पेस्टचा गुन्हा न्हाई," तो म्हणाला. खिशातून त्यानं तो काढून ठेवलेला छोटा स्पीकर काढला. "आधी ह्याचं तोंड जोडतो. ताप हद्दीच्या भाईर गेला की मशीन वरडत आस्तंय. आपण तोंडच काढून घेतलं. इतके दिस वरडलं आसंल बिचारं. कुणाला कळावं?"

शिवांजली झोळीकडं बघत होती. टेबलापासून चार हातांवर आढ्याला बांधलेली साडीची झोळी, तिच्यात वर्षाराणी. गालाखाली मूठ.

स्पीकर जोडून झाला. आकडा चढत गेला. त्र्याऐंशी. पंच्याऐंशी. आणि एकदम मशीन किंचाळलं.

एक उंच सूर, एक खालचा, पुन्हा उंच, थांबायचं नाव नाही. मल्लम्मानं कानांवर हात घेतले. छपराच्या पत्र्यावरचे कावळे उडाले. बसवेश्वर ओरडून काहीतरी म्हणाला ते कुणालाच कळलं नाही.

शिवांजलीनं झोळीची कड बाजूला केली. पापणी हलली नाही. मूठ सुटली नाही. ओठ झोपेत दूध ओढल्यासारखे हलत होते, ते तसेच, त्याच लयीत.

"बंद करतो भाभी!"

"राहू द्या."

"मशीन जळंल!"

"राहू द्या थोडं. आजून थोडं."

तिचा आवाज ऐकून जलालुद्दीनचा बटणावरचा हात थांबला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग ती बघत होती तिकडं. आयुष्यभर कान लावून बसलेला माणूस तो. खरखरीतून गाणं शोधणारा. त्याला वेगळं काही सांगावं लागलं नाही. त्यानं बटण दाबून मशीन बंद केलं.

"शंभू महादेवाची किरपा," मल्लम्मा कान चोळत म्हणाली. "इतक्या गलक्यात उठलं न्हाई लेकरू. लई गुणाचं." आणि भाकरी राहिल्यात म्हणत ती चुलीकडं गेली.

डब्यातली घडी शिवांजलीनं स्वतः ओढून काढली. टाके घट्ट होते, चिकटवलेलंही घट्ट होतं. पत्र्याला चिंध्या राहिल्या त्या तिनं नखांनी खरवडल्या. जलालुद्दीननं पंख्याची तार लालवरून पिवळ्यावर घेतली, म्हणजे पुरती वीज मिळू दिली. मशीन चालू झालं तसा पंखा असा घोंगावला की टेबलावरची पानं फडफडली.

सत्तर. बासष्ट. पन्नास.

"पन्नासवर आला बे!" बसवेश्वरनं जलालुद्दीनच्या पाठीवर थाप मारली. "उस्ताद हायस. आता आवाज करतंय तर करू दे. पोरीला कुठं काय..."

वाक्य तिथंच राहिलं. जलालुद्दीन पेचकस गोळा करत होता, मान वर न करता. शिवांजली रडत नव्हती. ती नुसती नवऱ्याकडं बघत होती, आणि या नजरेपुढं 'तू लई वाचतीस' म्हणायला त्याला जागा उरली नाही.

त्यानं घोंगावणाऱ्या पंख्याकडं पाहिलं. मग झोळीकडं.

"झोपलीय ती," तो म्हणाला. "गाढ झोपलीय."



तो झोळीच्या उशाशी गेला आणि हळूच टाळी वाजवली. मग जरा जोरात. मग वाकून, लेकराच्या कानापाशी.

"कावून टाळ्या वाजवायलास रे बसव?" आतून मल्लम्मा ओरडली. "उठंल की लेकरू!"

तो वाजवतच राहिला. तळहात लाल झाले तरी. शिवांजलीनं त्याला थांबवलं नाही. तीन महिने ती एकटी हेच करत होती. आता त्याला त्याच्या वाटणीचं करू द्यायला हवं होतं. जलालुद्दीन पिशवी घेऊन दारात उभा राहिला होता. त्याला जाताही येत नव्हतं.

वाकता वाकता बसवेश्वरचा गुडघा झोळीला लागला. झोळी हलली. वर्षाराणीनं डोळे उघडले. समोर बाप होता, तोंड वाकडं झालेला, गालावरून पाणी वाहणारा, टाळ्या पिटणारा. तिला तो खेळ वाटला. ती बोळकं पसरून हसली आणि तिनंही आपले दोन इवले तळहात एकमेकांना लावले, पुन्हा लावले, आणि कसं जमलं म्हणून आईकडं बघितलं.