मोकळ्या मेमरीचा रकाना

अमेरिकेतल्या डलुथ शहरातल्या त्या मालवाहतूक कंपनीत सर्व्हर सांभाळणाऱ्या दोघांपैकी एकाला नारळ मिळणार, हे जनेलला आधीच कळलं होतं. साहेबानं, म्हणजे कर्टिसनं, तिच्या कानावर घालून ठेवलं होतं. एक ती स्वतः, दुसरा ऑरिन हॅल्व्हर्सन. वय एकोणसाठ. जनेलला सर्व्हरचं काम अगदी श्रीगणेशापासून त्यानंच शिकवलेलं. त्याच्या बायकोच्या, लोर्नाच्या, अजून चार केमो बाकी होत्या आणि उपचारांचा विमा सगळा ऑरिनच्या नोकरीवर. जनेलला हे माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. ती नाताळात लोर्नाच्या हातचं जेवून आली होती.

सोमवारी कर्टिसला निमित्त सापडलं. सगळ्यांना बोलावून त्यानं भिंतीवरच्या पडद्यावर सर्व्हरची मेमरी दाखवली. एकशे अठ्ठावीस जीबीपैकी मोकळी फक्त दोन. ऑरिनचा जुनाट प्रोग्रॅम सगळी गिळतोय, असं त्यानं जाहीर करून टाकलं.

ऑरिन शांतपणे म्हणाला, की तुम्ही भलताच रकाना बघताय. मशीन एकदा वाचलेल्या फायली रिकाम्या मेमरीत ठेवून देतं, परत लागल्या तर चटकन हाताशी असाव्यात म्हणून. कुणाला जागा लागली, की लगेच सोडतं. तेव्हा 'मोकळी' बघायची नसते, शेजारची 'मिळू शकणारी' बघायची, आणि ती चांगली नव्वद आहे. अहो, या कामात पहिल्या आठवड्यात शिकवतात हे! पण कर्टिस आलेला विक्री खात्यातून, त्याला कोण शिकवणार?

"आजोबा, दोन म्हणजे दोनच. मला आकडे वाचता येतात," तो म्हणाला.

त्यानं ऑरिनचा प्रोग्रॅम बंद करायला लावला आणि सर्व्हर पुन्हा चालू करवला. आता मोकळी मेमरी एकशे वीस. असणारच की! नुकत्याच सुरू झालेल्या मशीननं अजून काही वाचलंच नव्हतं. पण लोकांनी माना डोलावल्या.

"उद्या दुपारपर्यंत थांबा," ऑरिन म्हणाला. "माझा प्रोग्रॅम बंदच राहू दे. तरी भरेल." मग तो जनेलकडे वळला. "सांग ना त्यांना. तुला माहीत आहे."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. जनेलनं पडद्याकडे बोट केलं.

"आकडे समोर आहेत, ऑरिन. मी काय वेगळं सांगू?"

अर्ध्या तासात ऑरिनला सामान भरून निघायला खोकं आलं. त्यानं त्यात कॉफीचा मग आणि लोर्नाचा फोटो ठेवला, गळ्यातलं ओळखपत्र काढून दिलं. दारातून निघताना जनेलला एवढंच म्हणाला, की उद्या मी फोन करीन, मेमरीचं काय झालं तेवढं सांग.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मोकळी मेमरी तीनवर आली होती. त्याचा प्रोग्रॅम बंद असूनही. कर्टिस यायच्या आत जनेल कामाला लागली. दर दहा मिनिटांनी मशीननं सगळ्या ठेवलेल्या फायली टाकून द्याव्यात, अशी आज्ञा तिनं लिहून टाकली. बिचारं मशीन तेच ते पुन्हा पुन्हा वाचत बसलं. फाटकावर ट्रकवाले पावतीसाठी खोळंबून शिव्या देऊ लागले. पडद्यावरचा आकडा मात्र झकास होता. कर्टिसनं येऊन तिची पाठ थोपटली आणि खिडकीजवळची ऑरिनची जागा तिला देऊन टाकली.

बाराला फोन वाजला.

"भरली का गं?"

"नाही, ऑरिन. एकशे अठरा मोकळी आहे."

 पलीकडे लोर्ना काहीतरी विचारत होती, तिला त्यानं थांब म्हटलं.

"म्हणजे माझंच चुकलं," तो म्हणाला. "तीस वर्षं सगळ्यांना उलटंच शिकवलं बघ मी. कर्टिसला माझ्यातर्फे सॉरी सांग."

सांगते, असं म्हणून जनेलनं फोन ठेवला. आणि खरंच, केबिनमध्ये जाऊन तिनं ते सांगितलं. कर्टिस पोट धरून हसला. मग तीही हसली.