कोकराचं कातडं

लांडगे येऊन गेले त्या सकाळी माझा धाकटा दीर मेंढवाड्याच्या दारात नुसता उभा होता. एका कोपऱ्यात काटेरी कुंपण दबलं होतं. तीन मेंढ्या लांडग्यांनी तिथून ओढून नेल्या होत्या. ओढ्यात त्यांची हाडं आणि लोकर तेवढी उरली, बाकीचं गावच्या कुत्र्यांनी साफ केलं. आत एक कोकरू मरून पडलं होतं. ते का नेलं नाही कोण जाणे. मानेवर दातांची भोकं, बाकी अंग धड.

नियम असा, की जंगली जनावरानं मारलं तर सरकार भरपाई देतं, पण वनखात्याच्या साहेबानं स्वतः येऊन बघितलं पाहिजे. तोवर मेलेल्याला हात लावायचा नाही. ओढ्यातली हाडं बघून साहेब सरळ कुत्र्यांवर ढकलणार, हे दिराला ठाऊक होतं. लांडग्याचा दात दाखवायला हे कोकरूच तेवढं होतं. त्याच्या जोरावर तिन्ही मेंढ्यांचे पैसे मिळाले असते आणि कळप पुन्हा भरला असता. दिराला ना शेत, ना बैल. जे काय आहे ते या मेंढ्या. कचेरीकडे निघताना तो बायकोला बजावून गेला.

माझी जाऊ तशी हट्टी, पण त्या दिवशी तिनं नवऱ्याचं ऐकलं. कोकरावर पोतं टाकलं आणि कुत्री हाकलत बसून राहिली. दुपारी दिराचा निरोप आला, साहेब उद्या येणार.

साहेबाला उद्या चालत होतं. पण मेलेल्या मेंढ्यांपैकी एकीचं पोर मागे राहिलं होतं, नुकतंच जन्मलेलं. ते बाटलीला तोंड लावेना. ज्या मेंढीचं कोकरू मेलं तिची कास दुधानं तट्ट फुगली होती, पण हे परकं पोर जवळ नेलं की ती ढुशी मारून उडवायची. मेंढी पोर ओळखते ती वासानं. अशा वेळी मेंढ्या पाळणारे एकच उपाय करतात. मेलेल्या कोकराचं कातडं काढून जिवंत पोराच्या अंगावर चढवतात. पण ते ताजं असतानाच. एकदा सडका वास यायला लागला, की मेंढी फसत नाही.

दिवस कलला तशी त्या पोरानं मान टाकली. जाऊ घरात गेली आणि सुरी घेऊन बाहेर आली.

मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? नवरा काय सांगून गेलाय?"

"उद्यापर्यंत हेही मरेल, जाऊबाई. मग साहेबाला काय, दोन मढी दाखवू?"

"अगं, तीन मेंढ्यांचे पैसे जातील."

"कशानं जातील? भोकं कातड्यावरच आहेत ना? कातडं कुठं पळून जातंय? याच्या अंगावर दाखवू की."

मला ते पटलं. आयुष्य मेंढ्यांत गेलेल्या बायका आम्ही, आम्हाला कातडं म्हणजे कातडं. मी पाय धरले, तिनं सुरी चालवली. पोराच्या अंगावर ते ओलं कातडं चढवून मेंढीपुढे सोडलं. तिनं शेपटीशी हुंगलं, परत हुंगलं आणि पाय फाकवून उभी राहिली. पोर लुचायला लागलं तशा आम्ही दोघी रडलो.

दुसऱ्या दिवशी दिराबरोबर साहेब आला. माणूस वाईट नव्हता, नवखा होता. जाऊनं उड्या मारणारं कोकरू उचलून त्याच्यापुढे धरलं आणि मानेवरची भोकं दाखवली. कातडं वाळून आक्रसलं होतं, भोकंही मिटत आली होती. मग पोत्याखालचं धड बघितलं, तर त्याच्या मानेवर सुरीच फिरलेली. साहेबाला आधी हसू आलं, मग तो वैतागला.

"बाई, मेलेलं कुठलं आणि जिवंत कुठलं? मी काय लिहू?"

जाऊनं जीव तोडून समजावलं. दीर हात जोडून उभा होता. साहेबानं कुत्र्यांच्या नावावर खपवून प्रकरण मिटवलं आणि निघून गेला. दीर बायकोवर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो दिवसभर जेवला नाही.

रक्ताची चटक लागलेले लांडगे परत येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. लोखंडी जाळी आणल्याशिवाय सुटका नव्हती, आणि जाळी आणायची तर मेंढ्याच विकायला हव्यात. मेंढ्या वाचवायला मेंढ्या विकायच्या! मी तर त्या लांडग्यांपेक्षा जाळीवाल्यालाच जास्त शिव्या घातल्या.

व्यापारी गाडी घेऊन आला. त्यानं सगळा कळप चाचपला आणि तीच मेंढी निवडली, कास भरलेली, पोटाशी पोर असलेली. अशा जोडीला भाव चांगला. पोराच्या अंगावरचं कातडं तोवर काढून टाकलं होतं. आता त्याची गरज नव्हती.

"पोर हिचंच ना?" त्यानं विचारलं. "दुसरीचं असेल तर वाटेत मारते. मला नको."

दिरानं जाऊकडे बघितलं. तिनं मान वर केली नाही.

"तिचंच आहे," ती म्हणाली.

व्यापाऱ्यानं पोर उचलून गाडीत ठेवलं आणि मेंढीसाठी दोरी काढली. दोरी लागलीच नाही. ती ओरडत पोरामागे धावली आणि आपणहून गाडीत चढली.