राखणदाराची मान

मोहाची फुलं वेचाले बाया जंगलात जातेत तवा एक माणूस नुसता उभा राह्यते. वाघ येते का, हे पाहणं त्याचं काम. आमच्या गावात सात सालापासून ते काम मी करतो, म्हणजे लटारू मडावी. कामात मेहनत नाई आन इज्जत लय, म्हणून मी स्वतःच मागून घेतलं व्हतं.

खरं सांगू का, मले वाघाचं लय भेव वाटते. बाया खाली वाकून टोपल्या भरतेत आन मी उजव्या खांद्यावर कुऱ्हाड ठेवून, खांदे कानापर्यंत चढवून उभा. पान वाजलं का मान गर्रकन मांगं. वाघानं मले पाह्यलं असन तं त्यालेच वाटलं असन, ह्या बुवाचं इथी काई हरवलं हाय. तोंडानं मात्र, "मी हाओ ना बाई, वेचा बिनधास्त."

यंदा डोकं दुखाले लागलं. कळ मानेतून निघे आन उजव्या डोळ्याच्या मांगं येऊन बसे. मी समजलो, डोक्यात गाठ झाली, खपलो आपण. बायकोले, सुकरीले, मी दोन दिवस समजावून सांगितलं का माह्या मांगं घर कसं चालवजो. तिनं सारं ऐकलं आन म्हणाली, "पहिले गडचिरोलीले जाऊन दाखवू, मंग मरा."

दवाखान्यात डॉक्टरानं डोळे पाह्यले, हातपाय हलवाले लावले आन व्यायाम शिकवणाऱ्या दीपिकाबाईकडं धाडलं. बाई माह्या पोरीच्या उमरीची. तिनं मान आन खांद्याच्या मधात अंगठा दाबला. दाबला तिथी आन कळ गेली डोळ्याच्या मांगं. मी टुणकन उठलो.

"डोक्यात काई नाई भाऊ," ती म्हणाली. "हे मानेचे, पाठीचे स्नायू आखडलेत. दुखते वर, पण मूळ इथी हाय. तुमी खांदे असे वर ओढून काऊन बसता?"

"कुठी ओढतो?"

"आत्ताही वरच हायेत. काम काय करता?"

"राखण. मोहा वेचणाऱ्या बायाईची, वाघापासून."

"भेव वाटते का?"

सुकरी बाजूलेच बसली व्हती. हो म्हणलं तं सात सालाची इज्जत तिथीच संपली. भित्र्या राखणदाराच्या भरवशावर कोण जंगलात येईन? "छ्या," मी म्हणलं, आन खांदे आणखी वर गेले. बाई हासली नाई, हे तिचे उपकार. तिनं खांदे ढिले सोडाले आन हनुवटी मांगं घ्याले शिकवलं. घरच्या माणसानं ती जागा शेकून हलकी हलकी दाबून द्याची, हे सुकरीले दाखवलं.

घरी आल्यावर सुकरीनं दाबून देल्लं. डोकं हलकं झालं आन मले डॉक्टरकी सुचली. "बस इथी, तुले दाखवतो," म्हणून मी तिच्या खांद्यावर अंगठा ठेवला. निरं लाकूड, माह्यापेक्षा कडक. तिनं डोळे मिटले आन डोळ्यातून पाणी आलं.

"तुह्यं डोकं दुखते का?"

"मोह्याच्या दिवसात रोजच दुखते."

"कवापासून?"

"सात साल झाले असन."

"टोपली डोक्यावर नोको घेत जाऊ मंग."

"टोपलीनं नाई दुखत. वाकून वेचता वेचता घडोघडी मान वर करून मांगं पाहा लागते."

"काऊन? मी हाओ ना राखणीले."

"तुमी हाव म्हणूनच," ती म्हणाली. "तुमचे खांदे थरथरतेत. साऱ्या बायाईले दिसते. तुमी आमच्याकडं पाह्यता, पण तुमच्या पाठीमांगं कोण पाह्यते? म्हणून मले पाहा लागते."

मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मंग आजपावतर कोणी काई म्हणलं काऊन नाई?"

"भेव वाटते तरी रोज येता ना. काय म्हणाचं त्याच्यात?"

लाज वाटली, आन खोटं काहाले बोलू, बरंही लय वाटलं. अंगठा तिच्या खांद्यावरच ठेवला, बाईनं सांगितला तेवढा हलका.

दुसऱ्या दिवशी साऱ्यायच्या समोर मी म्हणलं, "मले भेव वाटते, माह्या पाठीले आणखी एक जण पाह्यजे." कोणी हासलं नाई. आमच्याच गावचा नानाजी काठी घेऊन आला आन माह्या पाठीले पाठ लावून उभा राह्यला. त्या सकाळी सुकरीनं टोपली भरेपर्यंत एकदाही मान वर केली नाई.