मांडी घालायची राहिली

आम्ही गोसावी. आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं पुरत नाहीत. मांडी घालून, पाठ ताठ ठेवून समाधी देतात. अंग आखडायच्या आत बसवावं लागतं, मग हातपाय वळत नाहीत.

हे बुलढाण्याच्या दवाखान्यात सकाळी नऊला वारले. कागदपत्रं होईस्तोवर बारा वाजले. तोवर लोखंडी खाटेवर सरळ, पायाचे अंगठे बांधलेले. मी ते सोडायचे, नर्सबाई पुन्हा बांधायच्या.

आमच्या धामणगावपर्यंत एक जीप मिळाली. ड्रायव्हर प्रेम म्हणाला, "मांगं झोपवू काकू?"

"नोको. माह्या बाजूले बसव."

"बसलेल्या मढ्यात वेताळ शिरते म्हनतात."

"सव्वीस वर्सं ह्यायच्यात कोनाले शिरू देलं नाही मी. तू गाडी चालव."

राजूर घाटात ट्रक आडवा झालेला. दोन तास तिथंच. मी पदरानं यांना सीटला बांधलं, कमरेत हात घातला. आधी मान सारखी माझ्या खांद्यावर पडायची. मग पडेनाशी झाली. पाठ ताठ राहिली म्हणून मला हायसं वाटलं. असलं हायसं देव कुणाला न देवो.

अंगणात उतरवलं तेव्हा दीर म्हणाला, "वयनी, पाय पाहा."

पाय सीटवरून खाली सोडलेले, तसेच आखडलेले. पाठीच्या नादात मांडी घालायचीच राहिली होती.

चौघांनी ओढून पाहिलं. मग दिरानं मुसळ मागवलं. "गुडघे मोडा लागतीन. काई इलाज नाही."

"उद्यालोक सैल होतीन, भाऊजी. एक रात थांबा."

"रातभर मढं ठेवत नाही आपल्यात."

मी यांच्या पायांना मिठी मारली. दोघी जावा मला ओढत होत्या. दीर मुसळ घेऊन उभा, रडत होता तोही.

"खड्ड्यात पायरी खोदा," मी म्हटलं. "तिच्यावर बसवा. ज्यायले हसाचं ते हसतीन."

"खुर्चीवर बसल्यासारखी समाधी? कोनी पाह्यली हाय काय?"

"मंग मोडा. आंधी माहे हात मोडा."

दिरानं मुसळ भिंतीला टेकवलं न् कुदळ उचलली.

आमच्या रीतीप्रमाणे खड्ड्यात मीठ टाकू लागले तेव्हा मी काठावरून सांगत होते, पोटऱ्यांच्या मागं पोकळी राहिली, तिथं दाबून भरा. पाय लोंबते राहिले की पोटऱ्या दुखतात यांच्या.